इंजिनाचा द्वारपाल

चोर्ला घाट चढताना एखादी मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहते, बॉनेटखालून वाफेचे लोट निघतात आणि चालक हतबुद्ध होऊन पाहत राहतो. अशा वेळी पुष्कळदा एखादा मेस्त्री सोपा उपाय सांगतो, "थर्मोस्टॅट काढून टाका. या उष्ण मुलखात त्याचे काय काम?" गाडी त्या दिवशी घरी पोहोचते आणि उपाय गुणकारी वाटतो. तथापि हा गुण पुढे किती महाग पडतो, हे श्रोत्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

थर्मोस्टॅट हा इंजिन व रेडिएटर यांमधील द्वारपाल होय. इंजिन थंड असेपर्यंत तो दार लावून ठेवतो; त्यामुळे पाणी इंजिनातच फिरते व लवकर तापते. बहुतेक गाड्यांत पाणी ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोहोचले, की धातूच्या कुपीतील मेण वितळून फुगते आणि दार उघडते. पाणी निवाले, की स्प्रिंग ते पुन्हा मिटते. मेणाची ही युक्ती सर्जियस व्हर्नेट याने १९३४ साली शोधून काढली.

हा द्वारपालच हाकलून दिला, तर इंजिन तापण्यास फार वेळ लागतो. थंड इंजिन इंधन अधिक खाते, तेलात ओल व गाळ धरतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो नसल्यास बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाताच परत फिरते आणि ज्या तापाच्या भीतीने तो काढला, तोच ताप पुन्हा उद्भवतो. उलटपक्षी, बिघडून मिटलेलाच राहणारा थर्मोस्टॅट तसाच ठेवला, तर गॅस्केट जळते, हेड वाकते आणि गाडीवर पोट असलेल्या माणसाची कित्येक दिवसांची कमाई बुडते.

म्हणून तो बदलावा. परंतु इंजिन पूर्ण निवाल्याखेरीज रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. दाबाखालील पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण निघताच ते उसळून तोंड व हात भाजून काढते. काढलेले कूलंट भांड्यात धरावे. त्यातील ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. उघड्यावर ओतल्यास मुकी जनावरे ते चाटतात.

थर्मोस्टॅट बाहेर काढल्यावर दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात टांगावा, तळाला टेकू देऊ नये. पाणी तापवीत तापमापक पाहावा. कोरलेल्या अंशाच्या आसपास दार उघडले आणि निवताच मिटले, तर तो निर्दोष होय. मग दोष पंपात, पंख्यात किंवा कोंदलेल्या रेडिएटरमध्ये शोधावा. नवा थर्मोस्टॅटही असाच पारखून घ्यावा. बसवताना मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूस ठेवावी, जुने गॅस्केट खरवडून नवे घालावे आणि बोल्ट बेताने आवळावेत. कूलंट भरताना आत कोंडलेली हवा निघून जाऊ द्यावी. अन्यथा नवा थर्मोस्टॅट असूनही इंजिन तापेल.

थोडक्यात, पातेलेभर पाण्यात अपराध सिद्ध झाल्यावाचून द्वारपालास काढू नये. आणि काढल्यास त्याची जागा रिकामी ठेवू नये.