अपंगत्व गुडघ्यात की गावात?



वार्धक्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात : एक औषधपाणी, दुसरे मुलांना केलेला मातृपितृभक्तीचा उपदेश. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांकडे पाहिले की दोन्ही अपुरी वाटतात.

एखाद्या वृद्धेचे गुडघे धरले, एवढ्याने ती अपंग ठरत नाही. शेजारीण तिचा हंडा भरून आणीत असेल, बाजारच्या दिवशी कोणी तिला एस.टी.त चढवून देत असेल, तर ती आपले घर चालविते. तेच गुडघे, तेच वय. परंतु शेजार उठून गेला की ती अंथरुणाला खिळते. आणि आपल्या भागात शेजार दरवर्षी उठून जातो. दिवाळी सरली की उचल घेतलेली कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे उरतात म्हातारी माणसे. नेमक्या त्याच काळात विहिरी आटतात. १८९२ पासून तानसा आणि पुढे भातसा मुंबईची तहान भागवीत आहे. त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकरपाशी धावण्याची ताकद ज्याच्या अंगात, त्याचे पाणी. हा का वयाचा दोष?

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात सुमारे सात हजार प्रौढांची १९६५ पासून नऊ वर्षे पाहणी झाली. त्यावरून बर्कमन व साइम यांनी १९७९ साली दाखविले की, ज्यांचे आप्त, मित्र व संस्थांशी संबंध तुटपुंजे, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. धूम्रपान, सांपत्तिक स्थिती, आधीची प्रकृती हिशेबात घेऊनही हा संबंध पुसला गेला नाही.

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी ओलांडलेल्या, काही नव्वदीच्या घरातल्या आजीबाई गुलाबी लुगडे नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत बसल्या; शिकविणारी गावचीच सून. वृत्तपत्रांनी लुगड्यांची छायाचित्रे छापली, ती छान होती. शाळेने गुडघे बरे केले असे मी म्हणणार नाही. पण म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर पडण्याचे कारण मिळाले, एखादी आली नाही तर ते चार जणींच्या ध्यानात येऊ लागले, ही गोष्ट अक्षरांइतकीच मोलाची आहे.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. गावाच्या मायेची स्तुती करून शासनाला हात झटकणे सोपे जाते. साठ ते एकोणऐंशी वयाच्या निराधारामागे केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. राज्याने आपली भर घालून ही रक्कम २०२३ मध्ये १५०० वर नेली. ती काढण्यास तालुक्याला जायचे, आणि झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने ओळखला नाही तर भाडे खर्चून परत यायचे !

फांगण्यात शाळा उभी राहिली, कारण शिकविणारी सून गावात होती. भट्टीवर गेलेल्या कातकरी सुनेने कोणाला शिकवावे? १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या या राज्याकडे आपली पहिली मागणी म्हणून औषधाची नसून कामाची आहे : दिवाळीनंतर काम पाड्याजवळ निघाले पाहिजे. दुसरी, निवृत्तिवेतन पाड्यावर वाटले जावे. आणि भट्ट्या सुरू होण्यापूर्वीच्या ग्रामसभेत मागे राहणाऱ्या प्रत्येक वृद्धाचे नाव, व त्याचे पाणी कोण भरणार हे, लिहून घेतले जावे. त्या कागदाची प्रत तहसीलदारांना देण्यास मी स्वतः येईन.