ओला रस्ता आणि सायकलचं चाक



स्वारगेटजवळ माझं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मी काही भाषण करणारा माणूस नाही. पण गुरुजी म्हणाले, "पावसाळा तोंडावर आलाय. सायकल का घसरते, तेवढं आमच्या वर्गाला सांगा." म्हणून उभा राहिलो.

आधी माझीच फजिती सांगतो.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. आमचं गाव कात्रजच्या घाटापलीकडं. रोज पहाटे दुधाच्या दोन किटल्या सायकलला बांधायच्या, घाट उतरायचा आणि साताऱ्याच्या रस्त्यानं स्वारगेटला यायचं. तिथून पुढं पेठांत दूध घालायचं. माझ्या सायकलचे टायर जुने झाले होते. रबर वाळून कडक झालं होतं. त्याला भेगा पडल्या होत्या. आई म्हणायची, "बाळा, पावसाच्या आधी टायर बदल." मी म्हणायचो, "दिवाळीत बघू. अजून चालतंय."

जून महिना होता. पहिलाच पाऊस. रस्ता नुसता भिजला होता. स्वारगेटच्या चौकात माझ्या पुढची गाडी एकाएकी थांबली. मी हँडल वळवलं आणि त्याच वेळी पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढचं चाक सर्रकन निसटलं. मी एकीकडं पडलो, किटल्या दुसरीकडं. मागून एक बस येत होती. ड्रायव्हरनं ती वेळेवर थांबवली. तिचं चाक माझ्या डोक्यापासून हातभर लांब होतं.

जीव वाचला. पण गळ्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना हात झोळीत होता. टायरचे पैसे वाचवायला गेलो आणि दीड महिन्याची कमाई घालवून बसलो.

मग मी विचार केला, आपण पडलो कशानं? दुकानात बसून हळूहळू मला ते उमगलं. तेच आज सांगतो.

सायकलचं चाक केवढं मोठं दिसतं! पण ते रस्त्याला किती टेकतं? आगपेटी असते ना, साधारण तेवढंच. दोन चाकांच्या दोन आगपेट्या. सगळा माणूस, सगळं ओझं त्या दोन आगपेट्यांवर. तिथलं रबर रस्त्याला धरून ठेवतं. यालाच आपण पकड म्हणू.

रस्ता ओला झाला की पकड कमी होते. पहिल्या पावसात तर फारच कमी होते. का? उन्हाळाभर रस्त्यावर धूळ बसते. गाड्यांचं तेल ठिबकतं. स्वारगेटला टिळक रस्ता, शिवाजी रस्ता, शंकरशेट रस्ता, सातारा रस्ता असे मोठे रस्ते एकत्र येतात. एस.टी. आणि शहराच्या बसगाड्या दिवसभर येतात, जातात. तेव्हा तेलाला काय तोटा? पहिला पाऊस पडला की धूळ आणि तेल यांचा राड होतो. तो साबणासारखा निसरडा असतो. दोन-चार मोठे पाऊस पडले की रस्ता धुऊन निघतो. म्हणून पहिल्या पावसाला जास्त भ्या.

रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, लोखंडी पत्रे, हेही ओले झाले की निसरडे होतात. तिथं वळू नका. ब्रेक दाबू नका. सरळ जा.

आता टायरकडं वळू. रबरात हवा भरलेला टायर सायकलला आणला तो डनलॉप नावाच्या माणसानं. तो आयर्लंडमधल्या बेलफास्ट गावात जनावरांचा डॉक्टर होता. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला गचके बसू नयेत म्हणून त्यानं ही युक्ती केली. 1888 साली त्यानं तिचा हक्क नोंदवला. त्याच्या आधीही एकानं ही कल्पना काढली होती, पण ती मागं पडली होती. तेव्हा टायरचं खरं बळ दोन गोष्टींत आहे : रबर आणि हवा.

पहिलं रबर. लोक म्हणतात, नक्षी गेली म्हणून सायकल घसरली. डांबरी रस्त्यावर हे पुरतं खरं नाही. तिथं पकड असते ती मऊ, ताज्या रबराची. रबर वाळलं, कडक झालं, भेगाळलं की पकड गेली. नक्षी असली तरी गेली. मात्र नक्षी पार झिजली तर रबर पातळ झालं असं समजा. आतले धागे दिसले तर टायर त्याच दिवशी बदला. चिखलाच्या वाटेवर गोष्ट वेगळी. तिथं जाड गोट्यांची नक्षी चिखलात रुतते आणि उपयोगी पडते. टायर चकाकावा म्हणून त्याला तेल किंवा रॉकेल लावू नका. त्यानं रबर खराब होतं. सायकल उन्हात ठेवू नका.

दुसरी हवा. हवा फार ठासून भरली की टायर दगडासारखा होतो. मग आगपेटी आणखी लहान होते. पावसात हवा थोडीशी कमी ठेवा. पण फार कमी नको. नाहीतर खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होईल. ओझं असेल तर हवा मुळीच कमी करू नका.

किती हवा भरायची, ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. मी कित्येक वर्षं टायर विकले, पण ती अक्षरं कधी वाचली नाहीत. मला वाचताच येत नव्हतं! तुम्हाला आता येतंय. ते आकडे इंग्रजी असतात. गुरुजींकडून दहा आकडे शिकून घ्या. साध्या मोठ्या सायकलच्या टायरवर आधी अठ्ठावीस, मग फुली, मग दीड असं असतं. ते टायरचं माप. शेजारी पी.एस.आय. अशा अक्षरांबरोबर जो आकडा असतो, तो हवेचा. बहुतेक वेळा तो सगळ्यात जास्त हवा किती, ते सांगतो. त्याच्यावर कधी जाऊ नका.

काही जण विचारतात, "टायरला दोरी गुंडाळली तर?" नको. दोरी ब्रेकमध्ये अडकेल आणि तुम्ही तोंडावर पडाल. फिनलंड देशात औलू नावाचं शहर आहे. तिथं हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असतं, तरी लोक सायकलवर जातात. त्या मुलखात बारीक खिळे बसवलेले टायर मिळतात. खिळा बर्फात रुततो. आपल्या डांबरावर तो रुतणार नाही. आपल्याला त्याचं काम नाही.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पकड ही गाठीच्या पैशासारखी आहे. ओल्या रस्त्यावर गाठीला आठच आणे असतात. ते वळण्यात खर्च केले, तर ब्रेकला उरत नाहीत. मी त्या दिवशी दोन्ही एकदम केलं, म्हणून पडलो. तेव्हा आधी सरळ रेषेत वेग कमी करा. मग ब्रेक सोडून सावकाश वळा.

पावसात चाकाची लोखंडी कड ओली असते. ब्रेक लगेच लागत नाही. म्हणून थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके दाबा. पाणी पुसलं जाईल. मग दोन्ही ब्रेक हळूहळू आवळा. आणि हे ध्यानात ठेवा : वेग दुप्पट केला तर थांबायला जागा चौपट लागते. घाट उतरताना तर हे विसरूच नका.

मंडळी, घरी गेल्यावर एक काम करा. सायकल अंगणात उभी करा. टायरवर अंगठा दाबून पाहा. भेगा पाहा. ब्रेकचे रबर झिजलेत का, ते पाहा. आणि टायरच्या कडेवरचे आकडे मोठ्यानं वाचा. पोराबाळांना ऐकू जाऊ द्या.

टायर बदलायचा असेल तर पावसाच्या आधी बदला. दिवाळीची वाट पाहू नका.

रामराम.