बदनामीचा कायदा आणि हानीचे मोजमाप
(जबलपूर येथील भाषण)



बदनामीच्या कायद्याचा एक मोलाचा धडा मध्य प्रदेश उच्च न्यायालयातून पुढे गेलेल्या खटल्याने दिला. या न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरलाच आहे. आणीबाणीच्या (१९७५-७७) काळात मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने भोपाळच्या मध्यवर्ती कारागृहातील मिसाबंदींच्या चारित्र्यावर गंभीर आरोप छापले. एका बंद्याने संपादक आर. के. करंजिया यांच्यावर फिर्याद केली. उच्च न्यायालयाने शासकीय चौकशी-अहवालाच्या आधारे ती कारवाई रद्द केली. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो निर्णय फिरविला. सद्भावना आणि लोकहित ही खटल्यात पुराव्याने सिद्ध करावयाची बाब आहे, असे त्याने ठरविले. न्या. बहारुल इस्लाम यांचे मत भिन्न होते.

या निकालाला दोन बाजू आहेत. तुरुंगात कोंडलेल्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाच्या अब्रूला संरक्षण मिळालेच पाहिजे. परंतु हाच नियम धनदांडग्यांच्या हाती शस्त्र बनतो. युनियनच्या पत्रकातील एखाद्या वाक्यावरून समन्स निघते. निर्दोष सुटेपर्यंतच्या तारखा हीच शिक्षा ठरते.

म्हणून हानी किती गंभीर, हा प्रश्न आरंभीच विचारला गेला पाहिजे. इंग्लंडच्या २०१३ च्या कायद्यानुसार अब्रूची गंभीर हानी झाली किंवा होण्याचा संभव आहे, हे दाखविल्याशिवाय दिवाणी दावा टिकत नाही. भारतात बदनामी हा फौजदारी गुन्हाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो घटनासंमत ठरविला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये 'गंभीर हानी'ची अट नाही. तथापि सामान्य समजुतीचा माणूस तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी गुन्हा नव्हे, असे कलम ३३ सांगते. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार, खाजगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. कार्यकर्त्यांनी ही दोन्ही कलमे ध्यानी ठेवावीत.

मात्र 'ब्लिट्झ'मधील आरोपासारखा आरोप गांभीर्याच्या कसोटीवर अडणार नाही, अडूही नये. जेवढा आरोप गंभीर, तेवढी पडताळणी कसून करणे हे जनतेच्या पत्राचे कर्तव्यच होय.

१९८८ चे बदनामी विधेयक पत्रकारांच्या एकजुटीपुढे राजीव गांधी सरकारला मागे घ्यावे लागले. बदनामीसाठी तुरुंगवास रद्द व्हावा आणि क्षुल्लक फिर्यादी दारातच थांबाव्यात, या मागणीमागे तशीच एकजूट उभी राहिली पाहिजे.