तीन बोटांचा हातमोजा
(स्नेहमेळाव्यातलं भाषण)

१९९७च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा विषय दिला होता. त्यावर तुम्ही रोज मोबाइलवर भरपूर ऐकताय. मी आज एका हातमोज्याबद्दल बोलणार आहे. तो समोर टेबलावर ठेवलाय, शेजारी आमचा जुना व्हिडिओ गेम.

किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभराने, १९९४च्या दिवाळीत, बाबांनी हा गेम नांदेडहून आणला. निन्टेंडोने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमची ही नक्कल, हे मला फार नंतर कळलं. आपण आठवीत होतो. गंजगोलाईकडच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात आपण मुली पाय ठेवत नव्हतो, त्यामुळे शाळा सुटली की सहा-सात जणी आमच्या घरी.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत आपल्या एका मैत्रिणीचा उजवा हात गावाकडे कडबा कुट्टीच्या यंत्रात गेला. अंगठा आणि त्याशेजारचं बोट तिथंच राहिलं. तुम्ही ओळखलं असेल. तिला विचारूनच सांगतेय, ती तिसऱ्या रांगेत बसलीय. संक्रांतीनंतर ती शाळेत आली, आमच्याकडेही यायला लागली. पॅडवर डाव्या अंगठ्याने दिशा द्यायची आणि उजव्या अंगठ्याने 'ए' आणि 'बी' ही बटणं दाबायची. मारिओला पळत उडी मारायची तर दोन्ही एकदम. ते तिला जमणार नव्हतं. मी म्हणाले, "तू बस, तू स्कोर लिही." दोन वर्षं तिने वहीत आमचे स्कोर लिहिले, डाव्या हाताने. त्या वहीतच माझं अक्षर वळलं, असं ती गमतीने सांगते. मला त्यात गंमत वाटत नाही.

गेल्या वर्षी लातूरचं घर रिकामं करताना माळ्यावर हा डबा सापडला. अडॅप्टर गेला होता, बाकी सगळं चालू. मी तिला फोन केला आणि म्हटलं, तुझ्यासाठी कंट्रोलर करते. ती म्हणाली, "पन्नाशी आली की गं. आता कशाला उगं?" पण नको म्हणाली नाही.

हातमोज्याची कल्पना माझी नाही. १९८९ साली मॅटेल कंपनीने अमेरिकेत निन्टेंडोसाठी 'पॉवर ग्लोव्ह' विकायला आणला होता. तो व्हीपीएल या कंपनीच्या महागड्या डेटाग्लोव्हवरून बेतलेला. बोटांवर विद्युतवाहक शाईच्या पट्ट्या, बोट वाकलं की पट्टीचा रोध बदलायचा. हात कुठे आहे हे कळावं म्हणून मोज्यातून अल्ट्रासाउंड सुटायचा आणि टीव्हीभोवती लावलेले तीन कान तो ऐकायचे. दिसायला झकास, खेळायला अवघड. वर्षभरातच बंद पडला. तो फक्त उजव्या हाताचा होता आणि करंगळीला त्यात सेन्सरच नव्हता. आमच्या कामात मात्र करंगळी महत्त्वाची होती.

आता थोडं आतलं सांगते, कंटाळू नका. गेमचा डबा सेकंदाला पन्नास-साठ वेळा पॅडला विचारतो, आत्ता काय काय दाबलंय? पॅडमधली चिप आठही बटणांची त्या क्षणाची स्थिती पकडते आणि एकेक करून पाठवते: आधी ए, मग बी, सिलेक्ट, स्टार्ट आणि शेवटी चार दिशा. नांदेडला एसजीजीएसमध्ये असताना हे शिफ्ट रजिस्टर मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मूळ पॅडमध्ये ४०२१ नावाची चिप असते, आपल्या नकलेत डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका. मी त्या ठिपक्याला हात लावला नाही. ए आणि बी बटणांच्या खालच्या कार्बनच्या जागी दोन ऑप्टोकपलर जोडले. मोज्यातल्या लहान कंट्रोलरने इशारा दिला की ते बटण दाबल्यासारखं होतं. डब्याला फरक कळत नाही.

मोजा स्कूटीवर उन्हासाठी घालतात तोच, सुती. आईने त्याची दोन बोटं कापून कडा आत दुमडून शिवल्या. सेन्सर घरी केले: तांब्याच्या दोन पट्ट्या आणि मधे विद्युतवाहक काळं प्लास्टिक. बोट वाकलं की दाब वाढतो, रोध कमी होतो. मी अंगठा आणि पहिलं बोट मुठीत दुमडून मोजा स्वतःच्या हातावर तपासला. उत्तम चालला.

तिच्या हातावर तो अजिबात चालला नाही. अनामिका वाकवली की करंगळी मागोमाग यायची, दोन्ही बटणं एकदम लागायची. मी प्रोग्राममध्ये दुरुस्त्या करत बसले. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे तू तुझ्याच हातासाठी केलंस. दोन बोटं नसलेल्या तुझ्या हातासाठी."

मग चार रविवार मी औशाला तिच्या घरी गेले. ती प्रत्येक बोट सावकाश वाकवायची, मी आकडे टिपायचे. यावेळी वही माझ्याकडे होती. अनामिका आणि करंगळी वेगळी करायचा हट्ट सोडला. दोघांचं मिळून एकच बटण केलं, बी. मधलं बोट ए. दिशांसाठी तेच जुनं पॅड, पाटावर स्क्रूने बसवलेलं, म्हणजे धरायला दुसरा हात लागत नाही.

घामाने आकडे सरकायचे. एप्रिलमधलं औसा, पंखाही गरम हवा फेकतो. म्हणून चालू केल्यावर तिने आधी हात पूर्ण उघडायचा, मग मूठ करायची. मोजा त्या दिवसाचा हात शिकून घेतो. बटण लागायची मर्यादा एक आणि सुटायची त्याहून खालची ठेवली, नाहीतर काठावर फडफड होते. सर्वात मोठी चूक माझ्या सवयीची. आकडे स्थिर दिसावेत म्हणून दर १० मिलिसेकंदांनी एक अशा २० नोंदींची सरासरी घेत होते. आलेख सुंदर यायचा, पण उडी दशांश सेकंद उशिरा. मारिओ नेमाने खड्ड्यात. "मी वेळेवर वाकवलंय," ती म्हणायची, आणि मी तिला "अजून सराव कर" म्हणत होते. २०च्या ४ नोंदी केल्या आणि तिचंच बरोबर निघालं.

चौथ्या रविवारी तिने पहिला टप्पा पार केला. शेवटच्या झेंड्यावर जरा खालीच अडकली, त्यावरून स्वतःवरच चिडली.

जेवणानंतर गेम इथेच लावणार आहोत. तुमच्यासाठी दुसरं साधं पॅड आहे. मोजा मागू नका, तो तुमच्या हाताला बसणार नाही. पहिला डाव तिचा, आणि स्कोर मी लिहिणार आहे.