पडद्यामागचे वादक



आजचा आमचा विषय पाहून काहींच्या मनात आले असेल की वसंतातल्या ज्ञानसत्रात हे सिनेमाच्या गाण्यांचे काय खूळ! पण गाणे हे निमित्त आहे. खरा विषय श्रमाचा आणि नावाचा आहे. आणि ज्या वाघोलीच्या खाणींतला दगड शहरभर इमारतींत गेला, त्या वाघोलीत तो मांडायला आम्हांला संकोच वाटत नाही.

आरंभ जरा दुरून करू. 1969 साली अमेरिकेत एक गाणे सर्वांत लोकप्रिय ठरले. ते गाणारी ‘आर्चीज’ नावाची मंडळी होती. पण ती मंडळी अस्तित्वातच नव्हती! ती चित्रकथेतली, कागदावरची पात्रे. गळा रॉन डान्टे नावाच्या तरुणाचा होता आणि साथ स्टुडिओत बोलावलेल्या वादकांची. अशा चघळून टाकायच्या गोड गाण्यांना तिकडे ‘बबलगम’ म्हणजे च्युइंगगमचे संगीत म्हणतात. रेकॉर्डवर नाव मात्र चित्रातल्या पोरांचे.

आपण हसतो. पण वीस वर्षे आधी आपल्याकडेही हेच घडले होते. 1949 साली ‘महल’ चित्रपट आला. खेमचंद प्रकाश यांनी बांधलेले त्यातले गाणे लता मंगेशकरांनी गायिले आणि ते देशभर गाजले. त्याच्या रेकॉर्डवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’! कामिनी हे मधुबालेने रंगविलेल्या पात्राचे नाव. पुढे गायकांनी आपले नाव मिळविले. 1959 पासून पार्श्वगायनाला फिल्मफेअरचे पारितोषिकही सुरू झाले. गायक पडद्यामागून बाहेर आले. वादक मात्र तेथेच राहिले.

हे वादक कोण होते? पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांचे 1951 च्या ‘अलबेला’तले संगीत घ्या. त्यातल्या पाश्चात्त्य ठेक्याच्या गाण्यांवर मास्टर भगवानांबरोबर सारा महाराष्ट्र नाचला. त्या गाण्यांमागे ट्रंपेट घेऊन उभा होता चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ. शंकर-जयकिशन यांचा तो भव्य वाद्यवृंद वर्षानुवर्षे कागदावर उतरविला सेबॅस्टियन डिसोझा यांनी. फाळणीपूर्वी ते लाहोरात बँड चालवीत होते. 1947 नंतर मुंबईस आले.

गोव्याचीच माणसे का, याचे कारण साधे आहे. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांना बाराखडीसारखी वाचता येई. आपले संगीतकार सरगमवर वाढलेले. चाल त्यांच्या ओठांवर असे. पण पन्नास वादकांपैकी कोणी, कोठे, काय वाजवायचे हे प्रत्येकासाठी निराळे लिहून काढावे लागे. ते काम करणाऱ्यास ‘अरेंजर’ म्हणत. आपण त्यास संयोजक म्हणू. ध्वनिमुद्रण एका दमात होई. गायक आणि वादक एकाच वेळी गात-वाजवीत; एकाची चूक झाली की सर्वांना पहिल्यापासून सुरुवात. चाल संगीतकाराची, हे कोणी नाकारीत नाही. पण आपण ते गाणे गुणगुणताना दोन कडव्यांमधले व्हायोलिनचे तुकडेही तोंडाने वाजवितो. ते तुकडे काही आभाळातून पडले नाहीत.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची हकिगत तर विलक्षणच. ते व्हायोलिनवादक, संयोजक आणि शिक्षक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1958 साली त्यांनी मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर केल्या. 1965 च्या सुमारास ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले आणि चित्रपटसृष्टी त्यांना विसरली. शिष्य मात्र विसरला नाही. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी गुरूचे नावच गाण्यात गुंफले. ते नाव सारा देश गाऊ लागला. पण या नावाचा एक खरा माणूस आहे, हे गाणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक होते? 2012 साली ते गोव्यात वारले.

आपल्या मराठी घरातही हे आहे. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. माडगूळकर आणि फडके ही नावे आपण भक्तिभावाने घेतो, आणि ते योग्यच आहे. पण बाबूजींच्या स्वरामागून चालणारे ते व्हायोलिन प्रभाकर जोगांचे होते. पुढे जोग संगीतकार झाले, ‘गाणारे व्हायोलिन’ म्हणून लोकांनी त्यांना ओळखले. म्हणून त्यांचे नाव उरले. त्या खोलीत बसलेल्या इतरांचे काय?

कोणी म्हणेल, त्यांना मजुरी मिळाली, मग तक्रार कसली? आमचे उत्तर असे. भिंत एकदा बांधली की बांधली. गाणे मात्र दर वेळी नव्याने विकले जाते. रेकॉर्ड गेली, कॅसेट आली, आता मोबाईल आला. वादकाला त्या एका दिवसाचेच पैसे. 2012 साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा मोबदल्यावरचा हक्क पक्का झाला. कलावंतांसही हक्क दिले. पण त्याच कायद्यात एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो या हक्कांपुरता कलावंत गणला जात नाही! व्हायोलिनच्या रांगेत बसलेल्याचे काम किरकोळ की महत्त्वाचे, हे ठरविणार कोण? आणि नाव न देणे हा रिवाज पाडला कोणी? ज्यांनी नाव गाळले, त्यांचाच रिवाज पुढे हक्क नाकारण्याचे कारण ठरू शकतो.

दरम्यान यंत्रे आली. एक माणूस कळफलकावर पन्नास व्हायोलिनांचा आवाज काढू लागला आणि मुंबईतले ते मोठे ताफे पांगले. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने या म्हाताऱ्या वादकांना गाठून, त्यांच्या तोंडून सारे ऐकून 2008 साली ग्रंथ लिहिला. ते काम आपल्यापैकी कोणी आधी करावयास हवे होते, याची आम्हांला लाज वाटते.

मग आपण काय करावे? आपल्या गावात लग्नाच्या वरातीत बँड वाजविणारे आहेत, भजनात पखवाज धरणारे आहेत, तमाशाच्या फडात ढोलकीवर आयुष्य घालविलेले आहेत. त्यांच्यापाशी बसा. कोणापाशी शिकलात, कोठे वाजविलेत, हे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. आणि पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका छापाल तेव्हा ‘व साथीदार’ एवढ्यावर भागवू नका. साथीदारांची नावे छापा. शाईला फार खर्च येत नाही.

वाघेश्वराच्या देवळाचे दगड ज्यांनी घडविले त्यांची नावे आज कोणास सांगता येणार नाहीत. ते दिवस हाताबाहेर गेले. ही माणसे मात्र अजून कोठेकोठे हयात आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या दाराशी आपल्यातला एक जण जरी उद्या गेला, तरी आजचे आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.