एका वेटोळ्यातले दोन रंग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या प्रयोगशाळेत जेवणाच्या ताटाएवढं एक वेटोळं आहे. दहा मीटर काचतंतू गुंडाळून त्याची दोन टोकं जोडली आहेत. त्यात फिरणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तो अवरक्त आहे, तरंगलांबी १५५० नॅनोमीटरच्या आसपास. समुद्राखालून टेलिफोन आणि इंटरनेट वाहून नेणारा प्रकाश याच जातीचा. या वेटोळ्यातून दर सेकंदाला सुमारे दोन कोटी स्पंद बाहेर पडतात आणि एकेक स्पंद सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही छोटा असतो.

लेसरमध्ये एकाच वेळी हजारो जवळजवळचे सूर वाजत असतात. प्रत्येक जण आपापल्या लयीत असला की नुसता गोंगाट. सगळे एकदम समेवर आले की सारी ऊर्जा त्या क्षणात गोळा होते. याला मोड-लॉकिंग म्हणतात. त्यासाठी आम्ही वाटेत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा पातळ थर ठेवतो. तो मंद प्रकाश गिळतो, प्रखर प्रकाशाला जाऊ देतो.

एका रंगाचे स्पंद मिळवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. मला हवे होते दोन : १५३० आणि १५६० नॅनोमीटर. (रंग हा शब्द आपल्या सोयीचा, दिसत दोन्ही नाहीत.) इथं एर्बियम आडवं येतं. स्वीडनमधल्या इटर्बी गावावरून नाव पडलेलं हे मूलद्रव्य काचतंतूत मिसळलं की प्रकाश वाढवतं. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला आणि अमेरिकेत बेल लॅबमध्ये असे वर्धक तयार झाले. पण नेहमीच्या तापमानाला एर्बियमची बहुतेक ऊर्जा एकाच पातेल्यात असते. पंगतीत ज्याचा हात आधी पोचला त्यानं पातेलं रिकामं करावं, तसा जरासा बळकट रंग दुसऱ्याला उपाशी ठेवतो. तंतू द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, बुडवला तर वाढप बरंचसं वेगळं होतं. पण असलं यंत्र कारखान्यात कोण नेणार?

उपाय उलटा आहे. वेटोळ्यातला तोटा मुद्दाम वाढवायचा. तोटा कमी असला तर एर्बियमचा ओढा १५६० कडे असतो, जास्त असला तर १५३० कडे. मधे कुठंतरी दोघांना सारखं मिळतं. ती जागा शोधण्यात माझे चार महिने गेले. एकदा रात्री अकराला दोन्ही रंग पडद्यावर उभे राहिले. मी आनंदानं घरी फोन केला. वीस मिनिटांनी एसी सुरू झाला आणि १५३० गेला! झोतानं तंतू किंचित हलला, प्रकाशाचं ध्रुवण बदललं, त्याबरोबर तोटाही. शेवटी वेटोळं डब्यात बंद केलं आणि प्रत्येक वळण चिकटपट्टीनं पक्कं केलं. तेव्हा कुठं दोघं नांदू लागले.

एवढा खटाटोप कशासाठी? काचेत दोन्ही रंगांचा वेग सारखा नसतो. सगळा तंतू साधा धरला, तर १५६० चा स्पंद एका फेरीत सुमारे ५ पिकोसेकंद मागे पडतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन हजार वेळा १५३० त्याला गाठून पुढे जातो. सुरुवातीला मला ही कटकट वाटायची. खरी कमाई तीच निघाली.

प्रकाश सेकंदाला दोनशे लाख कोटी वेळा आंदोलतो. ते थेट मोजणारं इलेक्ट्रॉनिक साधन नाही. तुमचा रेडिओ येणाऱ्या लहरीत स्वतःची लहर मिसळतो आणि दोघींमधल्या फरकावर काम करतो. तसंच इथं. दोन्ही स्पंदमाला वर्धकातून नेऊन एकमेकींवर येतील इतक्या रुंद करायच्या, वायूतून पाठवायच्या आणि मिसळायच्या. वायूनं प्रकाशाचा कोणता भाग गिळला, ते रेडिओच्या टप्प्यात उतरून वाचता येतं. एरवी याला दोन स्वतंत्र लेसर लागतात आणि त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारी महागडी यंत्रणा. आमचे दोन्ही रंग एकाच घरात राहतात. उन्हानं तंतू लांबला तर दोघांचीही फेरी लांबते, फरक जवळजवळ तोच राहतो.

ॲसिटिलीन वायूच्या रेषा आम्ही अशा वाचल्या आहेत. आता तिसऱ्या रंगाच्या मागे आहोत. मिळतो, पण चहा पिऊन परत येईपर्यंत गेलेला असतो.