एकशेवीस म्हणजे किती?

मंडळी, दाटपणा ओळखायला सोलापूरकरांना शिकवावं लागत नाही. पाक एकतारी झाला की दोनतारी, हे घरातली आजी थेंब चिमटीत धरून सांगते. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतल्या रसाकडे नुसतं बघतो. पण हीच गोष्ट आकड्यात लिहायची वेळ आली की भले भले अडखळतात. मीही अडखळलो होतो, म्हणून आज हा विषय घेतला.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली. तिथे एका हंगामात मळीच्या टाकीजवळ नवा पंप बसवायचा होता. कोणता कारखाना, ते राहू द्या. पुरवठादाराने विचारलं, मळीची विष्यंदिता किती? आम्ही नोंदवहीत पाहून कळवलं, 120. पुढे एकक नाही, तापमान नाही. लिहिणाऱ्याच्या मनात पॉइज होतं. पंपवाल्यांचा व्यवहार सेंटिपॉइजमध्ये चालतो, त्यामुळे वाचणाऱ्याने तेच धरलं. पंप आला, सुरू केला आणि मोटर सारखी ट्रिप व्हायला लागली. फिटर दिवसभर वायरिंग तपासत राहिला. वायरिंग ठीक होतं. मळी आम्ही सांगितल्याच्या शंभर पट दाट होती.

आता हे पॉइज कुठून आलं? ज्याँ लेओनार मारी प्वाझय नावाचे एक फ्रेंच डॉक्टर होते, 1797 ते 1869 हा त्यांचा काळ. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी केसासारख्या बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून बारकाईने मोजमापं घेतली. त्यांच्या नावावरून पॉइज. म्हणजे मळीला आपण जे माप लावतो, त्याचा उगम रक्ताच्या अभ्यासात आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

हे माप डोळ्यांपुढे असं आणा. दोन सपाट पट्ट्या एकमेकींवर धरल्या आहेत, मध्ये द्रवाचा थर आहे. खालची पट्टी स्थिर, वरची सरकवायची. सरकवायला किती जोर लागतो, ती विष्यंदिता. जोर डाइनमध्ये आणि क्षेत्र चौरस सेंटिमीटरमध्ये मोजलं की उत्तर पॉइजमध्ये येतं. न्यूटन आणि चौरस मीटर घेतले की पास्कल-सेकंदात. एक न्यूटन म्हणजे एक लाख डाइन आणि एक चौरस मीटर म्हणजे दहा हजार चौरस सेंटिमीटर. लाखाला दहा हजारांनी भागा, दहा येतात. म्हणून 1 पास्कल-सेकंद म्हणजे 10 पॉइज. पॉइजचा शंभरावा भाग सेंटिपॉइज, आणि तो नेमका 1 मिलिपास्कल-सेकंदाइतका भरतो. जुनं आणि नवं माप इथे आकडा न बदलता जुळतं, ही मोठीच सोय आहे. 20 अंश सेल्सिअसला पाण्याची विष्यंदिता जवळजवळ 1 सेंटिपॉइज असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. आमची मळी 120 पॉइज, म्हणजे 12,000 सेंटिपॉइज किंवा 12 पास्कल-सेकंद.

जुन्या यंत्रांच्या पुस्तिकांत पौंड आणि फूटही भेटतात. पौंड प्रति फूट-सेकंद असेल तर 1.488 ने गुणायचं, पौंड-बल सेकंद प्रति चौरस फूट असेल तर 47.88 ने, म्हणजे उत्तर पास्कल-सेकंदात मिळतं. ‘बल’ हा एक शब्द गाळला की उत्तर बत्तीस पटींनी चुकतं. आणखी एक फसवं माप किलोग्रॅम-बलाचं आहे. एक किलोग्रॅम-बल सेकंद प्रति चौरस मीटर म्हणजे 9.80665 पास्कल-सेकंद. हा आकडा दहाच्या इतका जवळ आहे, की घाईत माणूस पॉइजच्या दहाशी त्याची गल्लत करतो.

आपल्या बोलीतला ‘दाट’ हा शब्दही इथे थोडा घोटाळा करतो, कारण घनता वेगळी आणि विष्यंदिता वेगळी. घरी एरंडेल पाण्यात ओतून पाहा. ते वर तरंगतं, म्हणजे पाण्याहून हलकं आहे. तरी 20 अंशांना त्याची विष्यंदिता पाण्याच्या सुमारे हजारपट असते. उलट पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, पण त्याची विष्यंदिता पाण्याच्या जेमतेम दीडपट.

तेलाच्या डब्यावर व्हीजी 46 लिहिलेलं असतं, ते सेंटिपॉइज नव्हे. ते सेंटिस्टोक, म्हणजे विष्यंदितेला घनतेने भागून आलेलं माप. अशा तेलाची घनता साधारण 0.87 धरली, तर 46 ला तिने गुणून सुमारे 40 सेंटिपॉइज मिळतात. घनता ठाऊक नसेल तर हे रूपांतर करूच नये. हा 46 आकडा 40 अंशांचा आहे. आपल्या मे महिन्यातल्या दुपारी सावलीतसुद्धा पारा त्याच्या वर असतो, पण डिसेंबरच्या पहाटे तेच तेल कितीतरी दाट असतं. कारखान्यात शेवटचं मॅसिक्विट, म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचं मिश्रण, सेंट्रिफ्युगलवर सोडण्याआधी पुन्हा थोडं तापवतात, ते याचसाठी. गार राहिलं तर मळी दाण्यांपासून सुटतच नाही. थोड्या अंशांच्या फरकाने मळीचा आकडा एवढा बदलतो, की तापमानाशिवाय लिहिलेली विष्यंदिता मी तरी नोंद मानत नाही.

इथे अभियांत्रिकीची मुलं बसली आहेत, कारखान्यांतली मंडळीही आहेत. येत्या गाळप हंगामात प्रयोगशाळेची वही ज्यांच्या हाती येईल, त्यांना माझी एकच विनंती आहे. पहिल्या पानावर रकाने आखताना विष्यंदितेच्या शेजारी दोन रकाने जास्तीचे आखा, एक एककाचा आणि एक तापमानाचा. ते दोन्ही भरल्याशिवाय त्या ओळीखाली सही करू नका.